कँटीनमधला केरू

भूमिका कँटीनच्या खिडकीशी पोचली तेव्हा चहा संपत आला होता. बाहेर पाऊस कोसळत होता, निळा युनिफॉर्म पाठीला चिकटला होता, आणि मागून कुणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं, "पॅकिंगवाल्या बायकांचा चहा मागाहून मिळतो गो."

"मी पॅकिंगला नाय. प्लांटला हाय."

मागं हशा पिकला. धाटाव एमआयडीसीतल्या त्या रसायनांच्या कंपनीत बायका पॅकिंगला असत, झाडलोटीला असत. रिअ‍ॅक्टरवर मात्र बाप्येच. कोलाडजवळच्या गावातून आयटीआय करून आलेली भूमिका तिथली पहिली मुलगी ऑपरेटर होती.

खिडकीतल्या तरुणानं किटली वाकडी करून उरलेला सगळा चहा तिच्या पेल्यात ओतला.

"घे. प्लांटच्या माणसाला आधी."

"माणसाला?"

"मग... काय म्हणू?" तो हसला. हसता हसता खोकला आला, आणि पाठ फिरवून तो बराच वेळ खोकत राहिला.

त्याचं नाव केरू.

"आजोबांचं नाव वाटतं," ती म्हणाली.

"आजोबांचंच. द्यायला दुसरं काय नव्हतं त्यांच्याकडं."

मग रोजचंच झालं. कधी ती खिडकीशी जाऊन म्हणायची, "भाजीत मीठ कमी हाय." तो म्हणायचा, "सांगायला तरी आलीस ना?" पाळी सुटली की दोघं स्टॉपपर्यंत बरोबर चालत. वाटेत लहानसा चढ होता. तिथं केरू हटकून थांबायचा. "तो बघ बगळा..." "डोंगरावर ढग कसा बसलाय बघ..." भूमिका बघायची. ओल्या शर्टाखाली त्याची छाती वरखाली होताना तिला दिसायची, पण ती विचारायची नाही.

सांगितलं ते पॅकिंगच्या विमलबाईंनी. "तुझ्या जागेवर तोच व्हता गो. गॅस सुटला तेव्हा आत पडलेल्या पोराला ओढायला गेला. पोरगा गेला. हा वाचला, पण छाती गेली. कंपनीनं कँटीनला घातला. ठरलेलं लग्न मोडलं. पोरीकडचे म्हणाले, चहा वाटणारा जावई नको."

दुसऱ्या दिवशी भूमिकाला त्याच्याकडं बघवेना.

"कळलं वाटतं," केरू म्हणाला.

"तुझी जागा घेतली मी."

"जागा कंपनीची. मी तिथं नुसता उभा असायचो." त्यानं तिच्या ताटात एक भाकरी जास्त ठेवली. "खा."

त्या संध्याकाळी चढाशी पोचल्यावर भूमिका आपणहून थांबली. "ती बघ... नदीवर किती धुकं हाय," ती म्हणाली. केरूनं नदीकडं बघितलंच नाही. तो तिच्याकडं बघत राहिला, आणि श्वास परत आल्यावरही कितीतरी वेळ दोघं तिथून हलले नाहीत.

घरी कळायला वेळ लागला नाही. तिचे वडील, आबा, अंगणात पेंढा रचत होते. "बायको प्लांटात व्हॉल्व फिरवणार नि नवरा भाकऱ्या थापणार? गावात काय सांगू मी?" त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आणि तो किती वर्षं जगणार गो?"

भूमिका पेंढ्या उचलून त्यांच्या हातात देऊ लागली.

दिवाळीनंतर एका सकाळी खिडकीत दुसराच माणूस होता. केरूला कामावर असतानाच धाप लागली होती. कंपनीनं आता कँटीनलाही नको म्हटलं होतं. तो पेणला रामवाडीत बहिणीकडं गेला होता. भूमिकाला न सांगता.

सुट्टीच्या दिवशी ती एसटीनं पेणला गेली. बहिणीच्या खानावळीच्या मागच्या ओट्यावर केरू वालाच्या शेंगा सोलत बसला होता. तो बारीक झाला होता.

"कशाला आलीस?"

"लग्नाचं विचारायला." तिनं त्याच्या पुढ्यातल्या शेंगा ओढून घेतल्या. "मी कामाला जाईन, तू घर बघ. बायका जन्मभर करतात तेच. कमीपणा वाटतो?"

"कमीपणा नाय गो." त्यानं रिकामे हात मांडीवर पुसले. "भीती वाटते. मी उभा व्हतो तिथं तू उभी राहतेस. तू पाळीला गेलीस की मी घरात बसून काय करू? तुझ्या परतीच्या गाडीचा आवाज ऐकत बसू? मी प्लांटला असताना माझी आई बसायची तशी..." पुढचे शब्द खोकल्यात गेले. मग तो म्हणाला, "आणि तुझे आबा बोलतात ते आलंय माझ्या कानावर. त्यात खोटं काय हाय? जा तू."

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. रडू आलं ते तिनं कुणाला दिसू दिलं नाही.

माघ लागला होता. दुपारच्या जेवणानंतर शेजारच्या कंपनीत स्फोट झाला. धाटावभर भोंगे वाजले. भूमिकाच्या कंपनीनं माणसं मैदानात उभी केली आणि वारा फिरेपर्यंत कुणाला बाहेर सोडलं नाही. फोन आधीच गेटवर जमा होते. हवेला कडू, तिखट वास होता. तोंडाला ओढणी लावून भूमिका उभी होती.

संध्याकाळी गेट उघडलं. बाहेर रस्ताभर बायका होत्या. कुणाची आई, कुणाची बायको, कडेवर पोरं. ज्यांचं माणूस बाहेर आलं त्या रडत होत्या. शेजारच्या कंपनीच्या गेटशी उभ्या असलेल्या मात्र गप्प होत्या. तिथली दोन माणसं गेली होती, कोणती ते अजून कुणी सांगत नव्हतं.

त्या सगळ्या बायकांच्या घोळक्यात, कुंपणाला धरून, केरू उभा होता. स्फोटाचं कळताच पेणहून कुणाच्यातरी टेम्पोत बसून आला होता. ओठ निळसर पडले होते. त्याच्या दंडाला धरून आबा उभे होते.

"दुपारपासून हितंच हाय हा," आबा म्हणाले. "घरी जा म्हटलं तर ऐकत नाय. बसव गो त्याला कुठंतरी." आणि ते पाणी आणायला गेले.

भूमिकानं त्याला रस्त्याकडेच्या दगडावर बसवलं. त्याला बोलता येत नव्हतं. ती त्याची पाठ चोळत राहिली. अ‍ॅम्ब्युलन्स गेली, तिच्यामागं दुसरी गेली.

"विचार की... परत," तो कसाबसा म्हणाला.

"काय?"

"पेणला... विचारलेलंस ते."

तिनं ओढणीनं त्याचं कपाळ पुसलं. मग तिनं विचारलं, "करशील लग्न?"

केरूनं डोळे मिटले, छातीत मावेल तेवढा श्वास घेतला.

"व्हय," तो म्हणाला.