तापाला उतार

कसबा पेठेतून खराडीला पोचेपर्यंत रिक्षावाल्यानं पुण्यातल्या झाडून सगळ्या खड्ड्यांची ओळख करून दिली. कुसुमताईंनी मांडीवरचं खोकं एकदाही खाली टेकवलं नाही. शेजारी बसलेला चेतन दोनदा म्हणाला, "काकू, द्या माझ्याकडे." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

खोक्यात सलिलचा कॉम्प्युटर होता. पोरानं एकेक भाग जमवून तो जुळवला होता आणि गेल्या वर्षी ओव्हरक्लॉकिंगच्या स्पर्धेत, नवशिक्यांच्या गटात, नावही दिलं होतं. प्रोसेसरला ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं, पळवलं की तो तापतो, म्हणून वरून गार करत राहायचं, असं त्यानं आईला चहा पिता पिता समजावलं होतं. "म्हणजे ताप आणायचाही आपणच आणि घड्या ठेवायच्याही आपणच," त्या म्हणाल्या होत्या. तो खूप हसला होता. स्पर्धेच्या आठवडाभर आधी त्याला डेंगू झाला.

यंदा चेतननं, सलिलच्या मित्रानं, आयोजकांशी बोलून ती नोंदणी सलिलच्याच नावावर पुढे चालू करून घेतली. मशीन तोच चालवणार होता. पण कुसुमताई म्हणाल्या, मी शिकते. आयुष्य शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात गेलेलं, त्यामुळे त्या महिन्याभरात शिकल्याही. बक्षीस त्यांना नको होतं. स्पर्धेच्या हॉलमध्ये मोठ्यानं नाव फक्त जिंकणाऱ्याचं वाचत. सलिलचं नाव एकदा, चारचौघांत, आनंदानं घेतलेलं त्यांना ऐकायचं होतं. गेलं वर्षभर ते नाव सगळे आवाज खाली आणूनच घेत होते.

"काकू, पालकांच्या खुर्च्या मागे आहेत," दारावरचा मुलगा म्हणाला.

"दिसल्या. रिकाम्याच ठेवा, मी स्पर्धक आहे."

टेबलांवर उघडी मशीनं मांडलेली होती. प्रत्येकाच्या प्रोसेसरवर तांब्याचं उभं भांडं, आणि त्यात कोरडा बर्फ टाकायचा. भरदुपारी हॉलभर पांढरा धूर जमिनीलगत सरपटत होता. बर्फ पडला की भांड्यावर दव गोठायचं आणि शेजारच्या पडद्यावर तापमान शून्याच्या खाली घसरायचं. सगळ्यांचं घसरलं. कुसुमताईंचंही घसरलं, आणि मग थांबून वर चढायला लागलं.

त्यांनी आणखी बर्फ घातला. आकडा चढतच राहिला. वीस. तीस. चाळीसवर येऊन तो स्थिर झाला.

"सेन्सर गंडलाय," चेतन म्हणाला. त्यानं दुसरा लावला. त्यावरही चाळीसच.

गंमत म्हणजे मशीन बंद पडत नव्हतं. उलट सुसाट सुटलं होतं. कुसुमताई वेग वाढवत होत्या आणि ते निमूट घेत होतं. परीक्षक येऊन मागे उभा राहिला. आजूबाजूची पोरं आपली टेबलं सोडून जमली.

"काकू, चढवा अजून," परीक्षक म्हणाला. "बोर्डावर पहिलं नाव तुमचंच लागणार."

"माझं नाही, सलिलचं."

"हो, तेच. सलिल."

नाव घेतलं गेलं आणि मशीनच्या पंख्याचा आवाज बदलला. एकसारखी घरघर होती, ती आता तुटक यायला लागली. आत, बाहेर. मध्ये जरा थांबून पुन्हा आत. चेतनचा चेहरा उतरला. त्यालाही तो आवाज ठाऊक होता. दवाखान्यात दोघं काचेच्या दाराबाहेर उभे होते तेव्हा आतून तो येत होता. कुसुमताईंच्या हातात तेव्हा घड्यांचं फडकं होतं. "आत सोडता येणार नाही," नर्स म्हणाली होती. ताप शेवटपर्यंत उतरला नाही, हे त्यांना नंतर कळलं.

चाळीस सेल्सिअस. शिकवण्याच्या सवयीनं त्यांनी मनातल्या मनात फॅरनहाइट केलं. एकशे चार.

आणि मग कोणतीही आई करते तेच त्यांनी केलं. भांड्याला उलटा हात लावला.

"काकू, नका! कातडी सोलून निघेल!" चेतन ओरडला.

भांडं बर्फानं काठोकाठ भरलेलं होतं. हाताला ते फणफणलेल्या कपाळासारखं लागलं.

"एकच पायरी राहिली," परीक्षक म्हणाला. "जिंकलात तुम्ही."

कुसुमताईंना ते नाव ऐकायचं होतं. फार ऐकायचं होतं. मग त्यांनी वेग खाली आणला. आणखी खाली आणला.

"अहो, काय करताय!"

"ताप उतरवतेय," त्या म्हणाल्या.

एकोणचाळीस. अडतीस. पंख्याचा श्वास लांब झाला.

सदतीस.

भांड्यावर बारीक थेंब फुटले. "हवेतली वाफ असते हो," परीक्षक नाराजीनं म्हणाला आणि निघून गेला. कुसुमताईंनी पिढ्यान् पिढ्या मुलांना शिकवलं होतं, की हवेतली वाफ गार वस्तूवर जमते. हे भांडं कोमट होतं. त्यांनी पदरानं ते हळूहळू पुसलं, आणि वायर काढली.

शेवटी हिंजवडीच्या कुठल्यातरी मुलाचं नाव वाचलं गेलं. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

परतल्यावर चेतननं जिन्यापाशी खोकं त्यांच्या हातात दिलं. "काकू, मी वर येत नाही," एवढंच म्हणाला. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

सलिलच्या खोलीत टेबलावर मॉनिटर होता, म्हणून त्यांनी मशीन त्याच्या कॉटवर ठेवलं. घाम आल्यावर वारं लागू नये, म्हणून छताचा पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली आणि वर पातळ चादर घातली. आपण हे काय करतोय, हे त्यांना कळत होतं. उशीर झाला होता, फार उशीर. तरी वर्षभरात पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी मऊ भात टाकला.

भात घेऊन आल्या तेव्हा खिडकी लावलेलीच होती, पंखा बंद होता. चादर मात्र कॉटच्या पायथ्याशी गोळा होऊन पडली होती, उकडायला लागलं की पायांनी लोटून द्यावी तशी.