खाट सतरा

दुपारी दोनला मुलीचा फोन आला. वरच्या बंद वॉर्डाची किल्ली माझ्याकडे असायची. त्या इस्पितळात मी चौतीस वर्षं शिपाई होतो. शाळा चौथीपर्यंत. पण किल्ली कुणाच्या हातात द्यायची नाही, एवढं कळत होतं.

मुलगी तिथलाच कॉम्प्युटर सांभाळायची. तिने मला समजावलं होतं. रुग्णांच्या यादीतून नाव खोडलं तरी कॉम्प्युटरमधली जागा सुटत नाही. मेलेल्या ओळी तशाच पडून राहतात, यादी फुगत जाते. म्हणून ती शेजारी नवी यादी मांडत होती. जिवंत ओळी तिकडे न्यायच्या आणि काम चालू असतानाच जुनीच्या जागी नवी ठेवायची. काम थांबवणं शक्यच नव्हतं. कुणाला कोणतं औषध, किती वाजता, सगळं त्याच यादीत. आणि चारपर्यंत जागा संपून यादी बंद पडणार होती.

"बाबा, बंद वॉर्डातून कुणीतरी जुनी यादी उघडून बसलंय. ते उठल्याशिवाय अदलाबदल होत नाही. मी तीनदा कनेक्शन तोडलं. परत जोडलं जातं."

"कुणाच्या नावाने?"

"मोठ्या सिस्टरांच्या..."

मोठ्या सिस्टर म्हणजे त्याच वॉर्डाच्या मुख्य नर्स; त्यांना वारून दोन वर्षं झाली होती.

मी वर गेलो, कुलूप काढलं. आत स्पिरिटचा वास होता. ताजा. खाटांवर गाद्या नव्हत्या, खिडक्यांना कागद चिकटवलेले. टोकाच्या टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा उजळलेला. मी चालत होतो तोवर बटणं वाजत होती... टक... टक... जवळ पोचलो तशी थांबली. खुर्चीत कोणी नव्हतं.

पडद्यावर खोडलेली नावं. मधोमध माझ्या बायकोचं. खाट सतरा. खाली एकेक अक्षर उमटू लागलं.

शिपाईबुवा, मी उठले तर हीसुद्धा जाईल...

शिपाईबुवा मला फक्त सिस्टर म्हणायच्या. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. आवाज थरथरू दिला नाही.

"ती तुमच्या यादीत राहत नाही," मी म्हटलं. "गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. खाली शंभरएक माणसं औषधाची वाट बघतायत. ड्यूटी संपली, सिस्टर. उठा."

मग खुर्ची मागे सरकली. स्पिरिटचा वास मला घासून दाराकडे गेला... पडदा विझला.

साडेतीनला मुलीने सांगितलं, नवी यादी बसली, निम्म्याहून लहान झाली, कुणाचा एक डोस चुकला नाही. मग हळू आवाजात म्हणाली, एक ओळ जास्तीची आहे. खाट सतरा. नाव तिच्या बाबांचं, म्हणजे माझं. दाखल करायची तारीख उद्याची, वेळ दुपारी दोन. नोंद मोठ्या सिस्टरांची.

"पुसते मी, बाबा."

"पुसू नकोस. पुसलेलं जात नाही, हे तूच शिकवलंस. उद्या मी ड्यूटीवर आहे. बघू कोण नेतं."

दुसऱ्या दिवशी दोनला मी सतराव्या खाटेपाशी उभा राहिलो. बसलो नाही. कोणी आलं नाही.

त्याला सहा वर्षं झाली. मी निवृत्त झालो, किल्ली परत दिली नाही. रोज दोनला जाऊन उभा राहतो. ओळ अजून तिथेच आहे. तिला कोणी हात लावत नाही, मुलगीसुद्धा नाही. तारीख मात्र रोज उद्याचीच असते.