दोन मडक्यांतलं नागपूर

आमच्या कामठ्यात सायकलवर गाठोडी बांधून येणारा माणूस एक तर लुगडी विकतो, नाही तर जडीबुटी. म्हणून फाल्गुनातल्या त्या दुपारी अंगणात सायकल टेकवून कुणी दोन गाठोडी सोडायला लागलं, तेव्हा मी धान पाखडता पाखडताच ओरडले, "मायचे गुडघे बरे आहेत. औषध नाई पाहिजे!"

"औषध नाही जी," तो हसला. "माती आहे."

"माती? आमच्या गावात का कमी पडली?"

"नागपूरची आहे."

"मंग सोन्याची असंन!"

"सोन्याची कुठली... तुमच्या बाबांनीच मागवली."

आता मात्र मी मान वर केली. उन्हानं लाल झालेला चेहरा, कपाळाला चिकटलेली केसांची बट, आणि हसताना बारीक होणारा डावा डोळा. सूप हातात तिरपं झालं. अर्धं धान खाली गेलं आणि कोंबड्यांची चंगळ झाली.

तो जागेश्वर. नागपूरच्या इतवारीतले धानाचे दलाल श्यामलाल, त्यांचा भाचा. यंदा मामासाठी धान घ्यायला तोच आला होता आणि आठ-दहा दिवस गावातच राहणार होता.

माझ्या भावाला नागपूरच्या कॉलेजात घालायचं होतं, मायच्या दुखण्याला मोठा डॉक्टर हवा होता. म्हणून बाबा तिथं घर घेत होते. दोन घरं पाहून ठेवली होती. एक गजबजलेल्या इतवारीत, श्यामलालांच्या भिंतीला भिंत लागून. दुसरं दूर, नव्या मोकळ्या धरमपेठेत, ईश्वरदास वकिलांच्या शेजारी. दोघेही आमच्याच जातीतले. वकिलांनी तर आपल्या मुलासाठी माझ्याबद्दल दोनदा विचारलंही होतं.

"परगावात शेजारी तोच सोयरा," बाबा म्हणायचे. म्हणजे घर ठरलं की माझं लग्नही ठरल्यातच जमा!

पण बाबांनी, सुखराम पटलानं, जन्मभर शेतच घेतलं होतं, घर कधी घेतलं नव्हतं. "माती पायल्याबिगर मी जागा घेत नाई," ते म्हणाले. घरापुढच्या सपरीत, ओसरीवर, दोन मडकी मांडली. एकात इतवारीची माती, दुसऱ्यात धरमपेठेची. दोन्हींत मूठमूठ धान पेरलं. नवव्या दिवशी निकाल. पाणी घालायचं काम माझ्याकडे.

आणि रोज सकाळी मडकी पाहायला येण्याचं काम जागेश्वरनं आपणहून घेतलं.

"आज काय म्हणते नागपूर?"

"झोपून आहे. तुमच्यासारखं उठून लोकाच्या दारी नाई जात."

"लोकाच्या? मी तर माझ्या होणाऱ्या शेजाऱ्याच्या दारी आलो."

"घर झालं कुठं अजून?"

"इतवारीत झालं तर..." तो मडक्याच्या काठावरून बोट फिरवत राहिला. "मामा म्हणतात, तसं झालं तर सुखराम पटलाकडे सोयरीकच मागतो."

मी तांब्या कलंडवला. पाणी मडक्यात कमी आणि त्याच्या पायावर जास्त पडलं. तो पाय मागे घेईना... आणि मीही तांब्या सरळ करीना.

चौथ्या दिवशी मात्र तो उदास होता. "धुरपता, इतवारीच्या मातीत नुसता चुना न् विटांचा चुरा आहे. तिच्यात काही उगवत नाही. अन् धरमपेठेची बघ, काळी कुळकुळीत. परवापर्यंत तिथं शेतंच होती."

"मंग?"

"मंग काय... वकिलीणबाई."

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीवरची उकळती पेज मी धरमपेठेच्या मडक्यात ओतली. इतवारीच्या मडक्यात मुरलेलं शेणखत कालवलं, आमच्या शेतातली माती मिसळली, वर भिजवून मोड आणलेलं धान टोचलं. जागेश्वरला सांगितलं तेव्हा तो इतका हसला, इतका हसला... आणि मग "माझ्यासाठी?" म्हणाला. मी पळून आत गेले. त्याहून सुखाचे चार दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत.

नवव्या दिवशी बाबा मडक्यांसमोर उकिडवे बसले. इतवारीत हिरवेगार कोंब. धरमपेठेत काही नाही. मी पदराआड हसत होते. बाबांनी कोंबांवरून हात फिरवला आणि ते उठले.

"धरमपेठ," ते म्हणाले.

"पन बाबा... तिथं तर काईच नाई उगवलं!"

"म्हनूनच. जिथं धान येते तिथं घर बांधते का कोनी? आपलं गाव पाय. धानाच्या बांधीत एक तरी घर हाये? सारं गाव मुरमावर वसलं. पिकाच्या मातीवर चूल मांडली त बरकत नाई रायत."

जागेश्वर शहरातला, त्याला माफ. पण मी? जन्मभर त्याच मुरमावर चालले होते. नुसती गप्प बसले असते तर इतवारीच्या चुन्यात काही उगवलं नसतं आणि बाबांनी आपणहून इतवारी म्हटलं असतं. माझं सुख मीच माझ्या हातानं उकळत्या पेजेत बुडवलं होतं.

"बाबा, मी त्या मडक्यात पेज ओतली. उकळती."

"काऊन?"

मी जागेश्वरकडे पाहिलं. एक शब्द हवा होता, फक्त एक.

"चुकून सांडली असेल जी," तो खाली बघत म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काय समजायचं ते समजले असतील. "सांडली त सांडली," ते म्हणाले. "देवानंच सांडवली. आता कौल बदलत नाई." आणि वकिलांना चिठ्ठी लिहायला आत गेले.

तो सायकल धरून उभा होता. मी फाटकाशी गेले.

"खरं काऊन नाई सांगतलं?"

"तुझी अब्रू गेली असती, धुरपता..."

"मले अब्रू नोती पाहिजे. मले तुमी पाहिजे होते."

त्याचे ओठ हलले. काही बोलणार होता, नक्की बोलणार होता... तेवढ्यात बाबा बाहेर आले आणि त्यांनी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. "नागपूरले जाऊनच राहिला, त वकिलाच्या हाती देजो, बाबू."

"हो जी," तो म्हणाला.

चिठ्ठी त्यानं खिशात ठेवली आणि इमानदारीनं पोचवली. वैशाखात माझं लग्न झालं, ईश्वरदासांच्या मुलाशी.