माझी काही हरकत नाही

खिडकीजवळचं टेबल, निळा शर्ट, हातात पुस्तक – आत्याने एवढंच सांगितलं होतं. शिवाय, "हो की नाही ते आजच्या आज कळव," असा दम. चष्म्याच्या दुकानातून तासाभराची सुटी काढून ती कॉफीच्या हॉटेलात आली. निळा शर्ट होता, पुस्तकही होतं. ती समोर बसली.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "बेसबॉल कळतं थोडंफार?"

स्थळ असं विचारतं? "ओ की ठो नाही," ती म्हणाली.

"सोप्यापासून सुरू करू. तीन स्ट्राइक झाले, म्हणजे तीन चेंडू हुकले, की फलंदाज बाद. पण तिसऱ्याला कॅचरच्या हातून चेंडू सुटला आणि पहिला बेस रिकामा असला, तर त्याने त्या बेसकडे पळायचं."

"बाद होऊन पळायचं? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"पंच आहे मी. लोक तर डोळे तपासून घ्या म्हणतात."

"ते मी तपासून देईन!"

तो हसला, तसा त्याचा चष्मा घसरला. सवयीने तिने हात पुढे करून तो सरळ बसवला... आणि मग दोघांनाही कुठे बघावं कळेना. त्याचा फोन वाजला. निरोप वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"समजा," तो सावकाश म्हणाला, "एकाच्या पाळीला भलताच फलंदाज आला... तर समोरच्यांनी हरकत घ्यायची, पुढचा चेंडू पडायच्या आत. नाही घेतली, तर झालं ते बरोबर."

"आणि पंचाला दिसलं तर?"

"पंचाने तोंड उघडायचं नाही."

इतक्यात दारात दुसरा निळा शर्ट उभा राहिला. हातात पुस्तक, नजर टेबलं शोधणारी. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा समोरच्याकडे.

"म्हणजे तुम्ही...?"

"मी सामन्याचे गुण लिहायला नव्याने येणाऱ्या बाईंची वाट बघत होतो. त्या येत नाहीयेत. आत्ताच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

तो गप्प. पंचच तो!

ती उठली. दारातल्या माणसाची मनापासून माफी मागितली, आत्याला स्वतः सांगेन म्हणाली. तो बिचारा मान डोलावून गेला. ती टेबलापाशी परत आली. पंच उभाच होता, पुस्तक छातीशी धरून.

"पुढचा चेंडू... टाकू?"

ती खुर्चीत बसली.

"टाका," ती म्हणाली. "माझी काही हरकत नाही."