दोन घरं उजळ

"या माणसाला ओळखता का?"

दार ढकलून आत आलेल्या तरुणाने काउंटरवर एक ओळखपत्र ठेवलं. फोटो स्टुडिओत टचिंगचं, म्हणजे छापण्याआधी फोटो सुधारायचं, काम करणाऱ्या मुलीने ते उचलून नीट पाहिलं. गव्हाळ रंगाचा, किंचित कावीळ झाल्यासारखा कोणी गृहस्थ होता.

"नाही," ती म्हणाली.

"मीही नाही. पण हा दिवसभर माझ्या गळ्यात असतो."

तेव्हा तिने मान वर केली. समोरचा तरुण काळा होता. 'सावळा', 'काळासावळा' असे जे मऊ शब्द आपण स्वतःच्या नातेवाइकांसाठी राखून ठेवतो, त्यांतला एकही लागू पडेना, असा स्वच्छ काळा. त्याच्या पणजोबांना बंदरात ओझी वाहायला समुद्रापलीकडून आणलं होतं. पुढच्या पिढ्या इथेच जन्मल्या, इथल्याच भाषेत भांडल्या, तरी गाव त्यांना अजून 'बाहेरचे' म्हणे. पाहुण्याला इतका काळ पाहुणा ठेवणारं गाव विरळाच.

"हॉस्पिटलात एक्स-रे काढतो मी," तो म्हणाला. "फाटकावरचा रखवालदार कार्ड बघतो, मला बघतो आणि बाजूला उभं करतो. काल विचारत होता, हे कोणाचं उचललंस?"

सांगताना तो हसत होता, पण अंगठ्याने कार्डाची कड खरवडत होता. तिचं लक्ष त्या अंगठ्याकडेच जात राहिलं.

स्टुडिओ तिच्या मामांचा. मामांचा नियम असा, की 'बाहेरच्यां'पैकी कोणाचा फोटो आला की छापण्याआधी दोन घरं, म्हणजे रंगाच्या दोन पायऱ्या, उजळ करायचा. गिऱ्हाईकाला विचारायचं नाही. न मागता करतात तोच खरा उपकार, असं मामांचं मत. इतकी वर्षं हे केल्यावर तिचा हात आपोआपच तिथे जाई. या कार्डावरचा फोटोही तिच्याच हातचा.

"पुन्हा काढू," ती म्हणाली. "जसे आहात तसा."

पण स्टुडिओतले दिवे मामांच्या गोतावळ्याच्या रंगावर बेतून बसवलेले. फोटो आला तो नुसत्या अंधाराचा, आणि अंधाराला दात.

"शर्ट मात्र झकास आलाय," तो म्हणाला.

"उद्या परत याल?"

"दुसरा शर्ट घालून?"

"शर्ट कुठलाही चालेल. चेहरा हाच आणा."

तो रोज दुपारी तीनच्या सुट्टीत येऊ लागला. ती स्टुलावर चढून दिवे सरकवी, पांढरी चादर बाजूला धरून उजेड त्याच्या गालावर परतवी. बाहेर वाऱ्याने दुकानाची पाटी करकरत असे.

"हनुवटी जरा वर... इकडे बघा... इकडे म्हणजे कॅमेऱ्याकडे."

"तुम्ही नुसतं 'इकडे' म्हणालात."

ती चादरीमागे गेली. चादर बराच वेळ हलत होती.

"तुमचं बरंय," ती तिथूनच म्हणाली. "एक्स-रेमध्ये आतून सगळे सारखेच."

"हे मला रोज कोणीतरी सांगतं," तो म्हणाला. "पण आतून सारखं असण्याचा फाटकावर काही उपयोग होत नाही हो."

शेवटी फोटो जमला. कपाळावर उजेडाची हलकी रेघ, गालाखाली खोल रंग, आणि डोळ्यांत थोडी मस्करी. तो फोटोकडे बघतच राहिला.

"आईला दाखवतो. तिच्याकडे माझा असा एकही नाही."

"एक प्रत मी शोकेसमध्ये लावणार आहे," ती म्हणाली... आणि मागून मामा म्हणाले, "कुठे?"

मामा वाईट नव्हते. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. ते प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शोकेस म्हणजे दुकानाचं तोंड, बेटा. तिथे तुमच्यातलं कोणी बसवलं, तर गिऱ्हाईक रस्ता ओलांडेल. वाईट वाटून घेऊ नकोस हं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती लेन्स पुसू लागली. लेन्स स्वच्छ होती.

"येतो," तो म्हणाला. आणि पुढे आलाच नाही.

मग तिला एका जागी बूड टेकवेना. उठे, दारापर्यंत जाई, परत येई. दिवे लावी, विझवी. आरशासमोर ती मामांना खडसावी, मामा समोर आले की, "चहा टाकू?" एवढंच तोंडातून निघे. मामांनी वाढवलेलं, पुढे दुकान तिच्याच नावावर करायचं म्हणत होते. उपकाराचं ओझं असं, की जीभ उचलतच नाही.

"किती झाडशील?" काउंटरवरून मामी म्हणाली. "धूळसुद्धा कंटाळली आता. काय रुतलंय ते सांग तरी."

"काही नाही, मामी."

"बरं. मग ते 'काही नाही' खुंटीवर टांग आणि बस खाली."

त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या मेट्रनबाई आल्या. प्रवेशदालनातल्या भिंतीवर सगळ्या कर्मचाऱ्यांचे मोठे फोटो लावायचे होते. मामांनी त्यांच्या ओळखपत्रांसाठी काढलेले जुने फोटो नमुन्याला पसरले.

"छान," मेट्रनबाई म्हणाल्या. "सगळे कसे एकाच घरचे दिसतात."

"ते एका घरचे नाहीत," ती म्हणाली.

आवाज तिचाच होता, पण तिलाही तो शेजारून आल्यासारखा वाटला. मामांनी तिच्याकडे डोळे वटारले. ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा चहा टाकायला गेली असती.

"यांतल्या निम्म्यांचा रंग आम्ही बदललाय. त्यांना न विचारता. म्हणून तुमचा रखवालदार त्यांना अडवतो, चोर समजतो. भिंतीवर लावायचेत तर त्यांचे खरे चेहरे लावा. मी काढून देते, मला येतात आता. आणि ते जमणार नसेल, तर या फोटोंना मी हात लावणार नाही."

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. "मला वाटत होतं, रखवालदाराची नजर गेली," त्या सावकाश म्हणाल्या. "मोतीबिंदूच्या तपासणीला पाठवलाय त्याला." मग त्या उठल्या. "विचार करून कळवते."

दार बंद झालं. मामांचा चेहरा न उजळताच पांढरा पडला होता.

"उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले.

"आणि दिवे कोण लावणार?" मामी म्हणाली. "तुम्हाला स्टुलावर चढता येतं का?"

मामा स्टुलाकडे बघू लागले. तोवर भाची चपला पायात सरकवून निघाली होती.

एक्स-रे विभागाबाहेर बाकावर रांग होती. तो दार उघडून पुढचा रुग्ण बोलावणार, तोच ती समोर उभी राहिली. धापा टाकत सगळं सांगितलं... मामा, मेट्रनबाई, मोतीबिंदू. मोतीबिंदूला तो हसला नाही.

"आणि त्या दिवशी लेन्स पुसत होतात, ते?"

"पुसत होते," ती म्हणाली. "त्या दिवसाला आता काही करता येत नाही."

"थोडंसं टचिंग?"

"नाही. होता तसाच राहील. तुम्हाला तो आठवेल, मलाही. तरीसुद्धा मला तुमच्यासोबत राहायचंय... म्हणजे, आवडता तुम्ही मला. खूप. दुपारी तीन वाजले की बोटं नुसती शिवशिवतात."

त्याचा अंगठा गळ्यातल्या कार्डाच्या कडेवर फिरला. रांगेत कोणी खोकलं.

"उद्या मोकळी आहेस?" त्याने विचारलं.

"बहुतेक उद्यापासून मोकळीच आहे."

आता मात्र तो हसला.

"अहो," बाकावरचे आजोबा म्हणाले, "तुमचं ठरलं असेल तर माझा गुडघा बघता का?"

"ठरलं का?" त्याने तिला विचारलं.

"आजोबांना आत घ्या," ती म्हणाली आणि त्यांच्या रिकाम्या जागेवर बसली. "मी थांबते."