झांजेविना ओवी

हरणोलीच्या सार्वजनिक वाचनालयात ते यंत्र आले, तेव्हापासून तिथे पुस्तके नेणाऱ्यांपेक्षा कागद घेऊन येणाऱ्यांची गर्दी जास्त होऊ लागली. नदीच्या पुरात भिजून वीट झालेली खरेदीखते, पत्रिका, कुणाच्या मामंजींची युद्धावरून आलेली पत्रे. यंत्राचे नाव उकलयंत्र. कागद उलगडायचा नाही, गठ्ठा तसाच खणात ठेवायचा. एक सूक्ष्म लहर त्यातून आरपार जायची, शाई जिथे बसली असेल तिथे अडखळायची आणि मग थरामागून थर सुटा होऊन पान पडद्यावर उमटायचे.

वाळवीने खाल्लेल्या जागी मात्र शाईच नसायची. तिथे यंत्र आजूबाजूच्या शब्दांवरून आणि आजवर वाचलेल्या लाखो जुन्या कागदांवरून अंदाज बांधून भोक भरायचे. खरा मजकूर काळा दिसे, अंदाज फिका करडा.

"मसाल्याचं कसं झालं, काकू?" ग्रंथपाल रेवती शिखरेने विचारले.

कदमकाकूंनी सासूच्या हातचा मसाल्याचा कागद उकलून नेला होता. "झालं की! एक वाटी बडीशेप घातली. पोरं म्हणतात, अगदी आजीचा हात."

"अहो, बडीशेप फिकी होती. यंत्राचा अंदाज होता तो."

"जिभेला कुठं फिकं-काळं कळतंय?" काकू हसल्या.

रेवतीही हसली, पण तिचे लक्ष पडद्यावर होते. नगरपालिकेच्या अडगळीत नागरी संरक्षण दलाची एक जुनी पेटी सापडली होती. हातात धरायचे भोंगे, वाळूच्या बादल्या आणि तळाशी, लगदा झालेली एक मराठी पुस्तिका: ‘किरणधुळीपासून बचाव व निवारा’. आजोबांच्या काळात कुणीतरी ती या गावासाठी, इथली घरे आणि इथला वारा बघून लिहिली होती. तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आणि समुद्रापलीकडच्या दोन देशांनी आपापली क्षेपणास्त्रे सज्ज केल्याची बातमी सकाळपासून सगळ्यांच्या फोनवर होती.

चार दिवसांनी रेवती उकललेली पाने घेऊन कृष्णाताई रेठरेकरांकडे गेली. पंचक्रोशीत कृष्णाताईंचे कीर्तन म्हटले की लोक कामे आटोपून येत. त्यांचे थोरले बंधू अप्पा मागे उभे राहून झांज वाजवत. बहिणीने पहिले नमन म्हटले त्या दिवसापासून.

"हे फोनवर टाक की," पाने चाळून कृष्णाताई म्हणाल्या.

"टाकलं, ताई. चौघांनी उघडलं. त्यातल्या दोघांनी अंगठा दाखवला. छापून वाटलं, तर त्यात भेळ बांधली गेली." रेवतीचा आवाज उतरला. "आणि खरंच काही झालं ना, तर स्फोटाबरोबर विजेचा असा झटका बसतो की फोन, संगणक, माझं ते यंत्र, सगळं एका क्षणात मुकं होतं. तेव्हा लोकांनी वाचायचं कशात? तुमच्या कीर्तनाला माणूस दोन तास बसतो आणि घरी गुणगुणत जातो."

कृष्णाताईंनी पाने देवापुढे ठेवली. "ओव्या बांधते. पण गं, हे फिकं कसं गायचं? गळ्याला एकच रंग असतो."

अप्पा कोपऱ्यात झांजेला चिंच लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "त्यात काय! काळ्या ओळीला झांज. फिकी आली की मी हात आवरतो. ऐकणाऱ्याला कळेल, इथं आधार नाही."

दत्ताच्या देवळात कीर्तन लागले. सभामंडप भरून लोक पायऱ्यांवर बसले. पूर्वरंगात कृष्णाताईंनी किरणधूळ समजावली. स्फोटाने आभाळात उडालेली माती राखेसारखी खाली येते. ती राख दिसते, पण तिच्यातून सुटणारे किरण दिसत नाहीत. ते जाड दगडामातीत अडतात, आणि राख जुनी होईल तसे झपाट्याने मंदावतात. "म्हणून बाबांनो, पहिलेच दिवस वैऱ्याचे. तेवढे जमिनीखाली काढायचे. ही मंडळी आपल्याला पुस्तक लिहून ठेवून गेली, आपण निदान पाठ तरी करावं." आणि त्यांनी ओवी उचलली:

*दगडी भिंती, मातीचे छत। तेथे जावे बिऱ्हाडासहित।*
*पाणी झाकून घ्यावे सोबत। वेळ न दवडता॥*

झांज खणखणत होती. लोक डोलू लागले. ओवीमागून ओवी आली. मधेच झांज थांबली, आणि त्या रिकाम्या जागेत, गाणे उघडे पडू नये म्हणून, साऱ्या मंडपाने टाळ्या धरल्या. पुन्हा झांज थांबली, पुन्हा टाळ्या. उत्तररंगात गोवर्धनाचे आख्यान झाले. देवाने करंगळीवर डोंगर धरला आणि गाईवासरांसकट सारे गोकुळ त्याखाली आले, तेव्हा कृष्णाताईंनी दोन्ही हात पसरले. "त्या डोंगराला दार नव्हतं हो. असतं, तर देवानं ते कुणाच्या तोंडावर लावलं असतं?"

बुक्का लावून लोक पांगल्यावर रेवती पुढे आली.

"ताई, शेवटच्या ओवीतलं ‘नाम घेता’ पुस्तिकेत कुठं होतं?"

"ते माझं. त्याला झांज दुप्पट."

रेवती हसली नाही. "झांज थांबली तिथं लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना सगळंच काळं वाटलं."

"अगं, रमले ते," कृष्णाताई म्हणाल्या. पुढच्या गावी, त्याच्या पुढच्या गावी, टाळ्या पडतच राहिल्या. महिन्याभरात पोरे त्या ओव्यांवर दोरीच्या उड्या मारू लागली.

आणि एका दुपारी, पश्चिमेच्या डोंगरापलीकडचे आभाळ पांढरे झाले.

आवाज आला नाही. आधी पंखे थांबले. मग गिरणी, मग नदीवरचा पंप. भर बाजारात अशी शांतता पडली की टांगलेल्या तराजूची करकर ऐकू यावी. फोन काळे पडले होते. लोक ते हातात धरून एकमेकांकडे बघत राहिले. मग कुणीतरी, बहुधा एका लहान पोरीने, घाबऱ्या आवाजात म्हटले, "दगडी भिंती, मातीचे छत..." आणि सारा बाजार एकदम हलला.

मगदूमशेठनी हळदीच्या वखारीचे दगडी तळघर उघडून दिले. घागरी आल्या, भाकरीच्या दुरड्या आल्या, म्हातारी माणसे पाठकुळी आली. झरोके चिखलाने लिंपले. कुणाला काही सांगावे लागले नाही, जो तो ओवीप्रमाणे वागत होता. कृष्णाताईंच्या डोळ्यांना पाणी आले. रेवती त्या दिवशी जिल्ह्याच्या गावी गेली होती. तिचे काय झाले असेल, हा विचार त्यांनी मागे ढकलला.

"कोप्यांवरची माणसं राहिली," अप्पा एकदम म्हणाले.

ओढ्यापलीकडे ऊसतोडीची टोळी पाचटाच्या कोप्या बांधून उतरली होती. ती परमुलखातून आलेली माणसे, कीर्तनाला कधी आली नव्हती. त्यांना एकही ओवी ठाऊक नव्हती.

"अप्पा, आता नको. वारा फिरलाय."

"गळा पोचणार नाही एवढ्या लांब. झांज पोचेल." ते झांज घेऊन निघालेसुद्धा.

बराच वेळ लांबून खणखण ऐकू येत राहिली. मग ती थांबली. मग आभाळ मळले आणि वखारीच्या अंगणात करडे काहीतरी भुरभुरू लागले. मगदूमशेठनी वर बघितले, कृष्णाताईंकडे बघितले आणि दार ओढून घेतले. दाराचा सागवानी अडसर जुना, वाशाएवढा जाड. एका टोकाला शेठ, दुसऱ्या टोकाला कृष्णाताई, असा दोघांनी तो उचलून कोंड्यांत बसवला. एकट्याने तो हलत नसे.

अंधारात एकच कंदील. हळदीचा उग्र वास, घामाचा वास. वर काय पडते आहे हे ऐकू येत नव्हते, म्हणून सगळे अधिकच कान देऊन बसले होते. लेकरेसुद्धा रडायची थांबली होती.

तेव्हा दारावर थाप पडली.

"कृष्णे!" जाड फळ्यांपलीकडून आवाज खोल विहिरीतून यावा तसा आला. "उघड. आम्ही आलोय."

कृष्णाताई उठल्या. कदमकाकूंनी त्यांचा पदर धरला. "ताई, अंगणात पडतंय ते. त्यांच्या अंगावर असणार."

"माझा भाऊ आहे, काकू."

"व्हय. पण ओवी..." काकूंनी नजर खाली घातली आणि पुटपुटल्या:

*धूळ पडता अंगणी। दार लावावे तत्क्षणी।*
*मागुती आला जरी कोणी। उघडू नये॥*

कंदिलाच्या उजेडात कितीतरी ओठ त्यांच्याबरोबर हलले. ओवी सगळ्यांनाच पाठ होती. आपलीच ओवी अशी अंधारातून परत आलेली ऐकून कृष्णाताई अडसरापाशीच थबकल्या.

शेवटचा चरण काळा होता की फिका? त्यांनी डोळे मिटले. देवळातले कीर्तन आठवले, पुढच्या गावचे आठवले. प्रत्येक ठिकाणी त्या जागी कानात आवाज भरलेला होता. तो झांजेचा होता की टाळ्यांचा, हे आता काही केल्या उकलेना. पाने घरी देवापुढे होती. यंत्र मुके होते. काळे-फिके ज्याच्या हाताला ठाऊक होते, तो एकच माणूस दाराबाहेर उभा होता.

"अप्पा!" कृष्णाताई फळीला तोंड लावून ओरडल्या. "‘उघडू नये’ काळं होतं का फिकं?"

बाहेर एक तान्हे पोर रडले.

"बाळंतीण आहे आमच्यात, कृष्णे," अप्पा म्हणाले.

"उत्तर दिलं नाही त्यांनी," मगदूमशेठ हळूच म्हणाले. त्यांच्या मांडीवर नात झोपली होती. तिच्या केसांवरून त्यांचा हात फिरत होता. "ताई, मी वाईट माणूस नाही. पण ही कोंडलेली जागा. ती धूळ एकदा आत आली, तर या लेकरांना कुठं नेऊ? आणि ते आता फिकं म्हणतीलच हो. दाराबाहेर उभा राहिलेला कुणीही म्हणेल. मीही म्हणेन."

ते खरेच होते. बाहेर पुन्हा थाप पडली, या वेळी हलकी.

कृष्णाताईंनी कपाळ दाराला टेकवले. माणूस भीतीने बोलतो, मायेने बोलतो. पण अप्पांचा हात? त्यांची आई गेली त्या दिवशीही कीर्तन होते. अप्पांचे डोळे वाहत होते आणि झांज केसभरही मागेपुढे झाली नव्हती. "झांज थांबेल ती ओळ नुसता यंत्राचा अंदाज," कृष्णाताई आतल्या माणसांना म्हणाल्या आणि त्यांनी घसा साफ केला. भीतीने सुकलेला आवाज आधी फाटला, मग लागला.

*धूळ पडता अंगणी...*

बाहेरून, दबकी पण नेमकी समेवर, झांज आली.

*दार लावावे तत्क्षणी...*

झांज होती.

*मागुती आला जरी कोणी...*

झांज होती. कदमकाकूंचे हात सवयीने टाळीसाठी वर आले. शेजारणीने ते घट्ट धरले.

*उघडू नये.*

काही नाही. नुसता वारा. पोराचे रडणेही ऐकू आले नाही.

थांबलेला हात तो, की गळून पडलेला? कृष्णाताईंनी भीत भीत पुढची ओवी उचलली, जी निःसंशय काळी होती.

*धूळ होईल जशी जुनी...*

झांज परत आली. थकलेली, पण जिथे यायला हवी तिथेच.

तळघरातून एक दीर्घ सुस्कारा गेला. कुणी ‘गुरुदेव दत्त’ म्हणाले, कुणी हुंदका दिला. मगदूमशेठनी नातीला खाली निजवले आणि ते उठून जवळ आले. कंदिलाच्या उजेडात त्यांचा चेहरा हळदीसारखा पिवळा दिसत होता.

"ताई," ते कुजबुजले, "जन्मात एकदा हात खोटा वाजला असेल तर? त्या पोरासाठी?"

कृष्णाताईंनी त्यांच्याकडे बघितले. त्यांच्या स्वतःच्या मनात आलेला प्रश्नही तोच होता, तसाच्या तसा. त्यांनी मान वळवून काकूंना एक घागर आणि ओली गोणपाटे दारापाशी आणायला सांगितली. फळीला तोंड लावून बाहेर ओरडल्या, "अंगावरची वस्त्रं तिथंच टाका! डोकी झटका! पोराचं आधी!" हे कुठल्या पानावर होते, की कुठेच नव्हते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

मग त्यांनी अडसराच्या आपल्या टोकाखाली दोन्ही हात घातले. तो हलला नाही. हलणारही नव्हता.

"मगदूमशेठ," त्या म्हणाल्या, "दुसरं टोक धरता का?"