माणशी एक घागर

त्या वर्षी पावसानं दडी मारली ती मारलीच. चैत्र उजाडला तेव्हा दूध संघात दूध यायचंच थांबलं होतं, कारण जनावरं सगळी चारा छावणीत. मग संघाचा टँकर पाली गावाकडच्या एका विहिरीवरून पाणी आणू लागला आणि बीडच्या जुन्या पेठेत, वेशीच्या आत उभा राहू लागला. कितीही खंगाळला तरी त्या पाण्याला दुधाचा आंबूस वास यायचा. लोक तसंच प्यायचे.

माणशी रोज एक घागर, असं ठरलं. कोणाच्या घरात माणसं किती, ते दारावर खडूनं लिहून यायचं काम मोहनरावांकडे आलं. ते संघात कारकून, शिवाय पेठेतलेच राहणारे. माघात त्यांची बायको विमल गेली, तेव्हापासून बोलणं कमी झालेलं. घरात आता ते आणि अकरा वर्षांची मुलगी वत्सला, दोघंच.

दुपारी ते निघाले. पेठेतून असं सावकाश चालायची त्यांना लहानपणापासून आवड. अरुंद, वाकडी गल्ली. छातीएवढी उंच जोती. काळ्या दगडाच्या कमानी, त्यांच्यावर शिसवी तुळया, आणि तुळयांच्या टोकांना कोरलेले पोपट, बहुतेकांच्या चोची झडलेल्या. दाराच्या कड्या इतक्या तापलेल्या की रुमालानं धरून वाजवाव्या लागत.

"चार लिवा, मोहनभाऊ," सुंदरबाई ओट्यावरून म्हणाली.

"चार कुठून, वैनी? तुमी तर तिघं."

"सासूबाईला धरून."

"त्या पोळ्यालाच गेल्या की."

"गेल्या, पर जीव हितंच हाय त्यांचा. जित्या व्हत्या तवा कदी घर सोडलं न्हाई, आता कुटं जातील? मेल्या माणसाला तहान लागत न्हाई व्हय?"

मोहनराव हसले आणि त्यांनी तीन लिहिलं.

"लई कडक बघा तुमी. संघानं तुमाला दुधातलं पानी शोधायला ठिवायला पायजे व्हतं."

गल्लीच्या टोकाला त्यांचं स्वतःचं घर. दार ओढलेलं, वत्सला शाळेत. त्यांनी चौकटीला खडू टेकवला, आकडा काढला आणि एक पाऊल मागं सरून पाहिलं, तर तीन लिहिलेलं. हाताची सवय. पुसायला त्यांनी रुमाल काढला, थोडा वेळ धरला आणि परत खिशात ठेवला. आजचा दिवस राहू दे, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी तीन घागरी आल्या. घडवंचीवर तिन्ही ओळीनं ठेवल्या. सकाळी बघतात तो तिसरी निम्मी.

"सांडली का गं?"

"मी हात बी लावला न्हाई, दादा."

खालची फरशी कोरडी ठणठणीत होती. घागरीच्या तोंडावर फुलपात्र पालथं घातलेलं. त्या घरात फुलपात्र पालथं घालायची सवय एकीलाच होती.

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मोहनरावांना भीती वाटलीच नाही. संघातून घरी येताना पावलं भरभर पडत. मग एका सकाळी वत्सला चुलीपुढं बसून म्हणाली, "दादा, दुपारी मी साळंतून आले की आत कुनीतरी पानी पितं. गटागटा. लई वेळ पितं... दम बी घेत न्हाई."

नवव्या दिवशी फेरमोजणी होती. ऊन तेच, गल्ली तीच; पण त्या दिवशी बंद दारांवरून पुढं सरकताना मोहनरावांना प्रत्येक फळीमागं कुणीतरी कान लावून उभं असल्यासारखं वाटत होतं. सुंदरबाई गप्पा मारत त्यांच्या मागोमाग थेट त्यांच्या दारापर्यंत आली आणि तिनं आकडा वाचला.

"हे काय वो, मोहनभाऊ? आमची सासू खोडली आन तुमची विमल लिवली?"

मोहनरावांचे कान तापले. "चुकून झालं, वैनी."

"मग इचारा की. आमच्या दाराशी इचारता तसं. कायदा समद्यांना एकच."

ती चेष्टेनंच म्हणत होती. मोहनरावांनीही कडी वाजवली. वत्सला घरी आली असेल, दोन म्हणेल, झालं.

"घरात माणसं किती?"

अगदी लाकडापलीकडून, ओल्या गळ्यानं कुणीतरी म्हणालं, "तीन..."

"घ्या! पोरगी तुमच्यासारकी न्हाई," सुंदरबाई हसली. हसता हसता तिची नजर वळणाकडं गेली आणि हसू तिथंच राहिलं. दप्तर खांद्याला लावून वत्सला आत्ता गल्लीत शिरत होती.

सुंदरबाईनं पदर तोंडाला लावला. ती आल्या पावली परत गेली.

मोहनरावांनी तळहातानं आकडा पुसला. कातडं सोलेपर्यंत घासला. जा, विमल... आता जा, विमल... असं ते पुटपुटत होते. मग त्यांनी दोन लिहिलं.

संध्याकाळी दोनच घागरी आल्या. सकाळी दोन्ही निम्म्या झालेल्या. माणसं दोन, घागरी दोन. मोहनराव भिंतीला टेकून बसले आणि किती तरी दिवसांनी त्यांचा डोळा लागला.

दोन दिवसांनी त्यांच्या ध्यानात आलं, की जेवताना पोरीच्या ताटाशी पाणीच नसतं.

"पानी घे की, बाळ."

"नको."

"सकाळपासनं प्याली न्हाईस?"

"परवापासनं. तहानच लागत न्हाई, दादा."

बाहेर गल्लीतला दगड फुटेल असं ऊन होतं. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला, तर कपाळ गार. ते तसेच उठून दाराशी गेले आणि दोन पुसून तीन लिहिलं. खडू मोडेपर्यंत गिरवलं.

तिसरी घागर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन घागरी निम्म्या होत्या आणि तिसरी काठोकाठ. बोटभरही उतरलेली नव्हती.

त्यांनी तिच्यातूनच पाणी घेऊन वत्सलाच्या ओठांना लावलं. तिनं बापाच्या शब्दाखातर तोंड उघडलं. पाणी आत गेलं आणि ओठांच्या कडेनं तसंच बाहेर आलं, परकरावर ओघळलं.

"गिळ, बाळ... गिळ की..."

"जात न्हाई, दादा." मग ती हळूच म्हणाली, "तुमी दोन लिवलं न्हवं का... तवा कुनाकुनाला धरलं व्हतं?"

तो आकडा काढताना आपल्या ओठांवर कुणाचं नाव होतं, ते मोहनरावांना पक्कं ठाऊक होतं. पोर त्यांच्याकडं बघत होती. तिची पापणी लवत नव्हती.